घाटावरचं प्रकाशन

मोहनराव फणसे एकतीस वर्षं इंदूरच्या खान नदीचं पाणी बाटल्यांत भरत होते. एका सरकारी प्रयोगशाळेत नमुने गोळा करणारा माणूस, एवढीच त्यांची नोकरी. महिन्यातून दोनदा ठरलेल्या सात ठिकाणी जायचं, दोरीला बांधलेला डबा पाण्यात सोडायचा, बाटली भरायची, चिठ्ठी लावायची आणि बर्फाच्या पेटीत ठेवायची. पाण्यात प्राणवायू किती उरलाय हे मोजायलाही ते हळूहळू शिकले. नोकरीला लागले तेव्हा छत्रीबागेमागच्या घाटावर आकडा तीन यायचा, कधी साडेतीन. मग दोन यायला लागला, मग एक. एका उन्हाळ्यात शून्य आला, आणि मग कितीही पाऊस झाला तरी चार दिवसांत पुन्हा शून्यावरच यायचा. रजिस्टरात शून्य लिहायची रीत नव्हती, ‘निरंक’ लिहायचे. साहेब सही करत आणि रजिस्टर कपाटात जाई.

मोहनराव याबद्दल कुणाशी बोलले नाहीत. कुणी विचारलंच नाही. घर छत्रीबागेतच, दोन खोल्या आणि पुढे ओटा. पणजोबा होळकरांच्या पागेत होते असं वडील सांगायचे. घोडे गेले, पागा गेली, फणसे तेवढे तिथेच राहिले. मुलगा संजीव राजेंद्र नगरला फ्लॅट घेऊन राहायला गेला तेव्हा म्हणाला होता, “बाबा, तुम्ही पण चला. इथे दिवसभर वास येऊन राहिलाय.” मोहनरावांना तो वास येत नव्हता. एकतीस वर्षांत त्यांचं नाक त्या बाबतीत कामातून गेलं होतं.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, आणि एका जूनमध्ये प्राची करमरकर त्यांच्या ओट्यावर येऊन बसली. मूळची नाशिकची, नवऱ्याच्या पीथमपूरच्या नोकरीमुळे इंदूरला आलेली. तिनं तिघी-चौघी मैत्रिणींबरोबर ‘काठ’ नावाची संस्था काढली होती. झाडं, तलाव, नदी असलं काम. आता त्यांना मुलांसाठी एक पुस्तक काढायचं होतं.

“काका, तुम्हाला नदीची सगळी माहिती आहे असं कळलं,” प्राची म्हणाली.

“पाण्याची आहे थोडी. पण रिटायर होऊन चार साल झाले जी.”

“तेवढीच हवी आहे. आमच्या इरावतीनं गोष्ट लिहिली आहे. त्यात काही चुकीचं तर नाही ना, तेवढं बघा.”

गोष्टीचं नाव ‘नदीकाठची टिटवी’. एक टिटवी स्वच्छ पाणी शोधत खान नदीच्या काठाकाठानं जाते, अशी ती गोष्ट. मोहनरावांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि पेन्सिलनं दोन खुणा केल्या. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही, उघड्या खडीवर अंडी घालते, ही पहिली. दुसरी, शेवटच्या पानावरच्या माशाला.

“हा काढावा लागेल,” ते म्हणाले. “इथे मासा नाही. आता सालं झाली.”

इरावती पंचविशीतली, मऊ बोलणारी मुलगी. ती म्हणाली, “काका, मला माहीत आहे. पण लहान मुलांचं पुस्तक आहे. शेवटी काहीतरी आशा नको का?”

मग गोष्टीत दुरुस्ती झाली. घरटं खाली आलं, मासा राहिला.

पुस्तकातली चित्रं मुलांकडूनच काढून घ्यायची असं प्राचीनं ठरवलं होतं. घाटाच्या पायऱ्यांच्या वर, काठाला लागून बावीस घरांची बस्ती होती. बुऱ्हाणपूर, खरगोनकडून आलेली माणसं, काही तर दोन पिढ्यांपासून तिथं राहिलेली. मोहनरावांना ती सगळी ओळखत. महिन्यातून दोनदा दोरी घेऊन येणारा हा माणूस मुलांच्या लेखी ‘बाटलीवाले बाबा’ होता. ऑगस्टपासून दर शनिवारी इरावती तिथं मुलांना घेऊन बसू लागली, आणि खडूंचा डबा घेऊन मोहनरावही जाऊ लागले. बायको रमा हसायची. “तुम्ही नोकरीत होते तेव्हा तर कधी इतक्या उत्साहानं गेले नाहीत नदीवर.”

ते खरंच होतं. बस्तीतल्या एकतीस मुलांपैकी सगळ्यात चांगला हात शिवांगीचा. वय दहा. आजी सखुबाई शिंदीच्या पानांचे झाडू बांधायची, आई चार घरची भांडी करायची. शिवांगीनं बस्तीचं चित्र काढलं तेव्हा बावीसच्या बावीस घरं काढली, कुणाच्या दारात शेळी, कुणाच्या छपरावर टायर, आजीच्या दाराशी पानांचा भारा. इरावतीनं ते चित्र पुस्तकाच्या मधल्या दोन पानांवर पसरून घ्यायचं ठरवलं. सखुबाईला दाखवलं तर ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “भाऊ, आमचं घर छापणार म्हणता? कागदावर?”

“हो बाई. पूर्ण इंदूरला दिसेल.”

नोव्हेंबरात प्रकाशनाच्या तयारीची बैठक झाली. राजेंद्र नगरच्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर संस्थेचं ऑफिस होतं. इरावतीचं म्हणणं, एखादा चांगला हॉल घ्यावा. मोहनराव सहसा अशा ठिकाणी गप्प बसत. त्या दिवशी बोलले.

“हॉलमध्ये कशाला? नदीची किताब आहे, नदीवरच करा. मुलं तिथलीच आहेत, त्यांना कुठं न्यायची गरजच नाही.”

“पण वास, काका,” प्राची म्हणाली. “लोक बसतील का?”

“मी बघतो.”

आणि त्यांनी खरोखर बघितलं. स्वतःच्या नाकावर भरवसा नव्हता म्हणून रमाला बरोबर घेऊन पंधरा दिवस सकाळी घाटावर उभे राहिले. वारा उत्तरेकडून असला की वास पलीकडच्या काठाला जातो, आणि थंडीत साडेदहापर्यंत वारा तसाच राहतो, असा त्यांनी निष्कर्ष काढला. कागदावर सगळं उतरवून त्यांनी प्राचीला दिलं. जानेवारीचा दुसरा रविवार, सकाळी साडेनऊ ते साडेदहा. सतरंज्या कुठे, पाहुण्यांच्या खुर्च्या कुठे, मुलं कोणत्या बाजूनं येणार. संक्रांत जवळ म्हणून पोह्यांबरोबर तिळाचे लाडू. प्राची तो कागद बघून म्हणाली, “काका, असं प्लॅनिंग मला कुणी करून दिलं नव्हतं.” मोहनराव त्या दिवशी घरी पायी आले. चार-पाच किलोमीटर, पण त्यांना चालावंसं वाटलं.

पाहुणे कोण, एवढं राहिलं होतं. मोठं माणूस आलं नाही तर पेपरवाले येत नाहीत, असं प्राची म्हणाली. यावरही मोहनरावांचं मत होतं.

“बुलवायचं तर सगळ्यात मोठ्या साहेबालाच बुलवा. माझ्या रजिस्टरवर सह्या करणाऱ्यांपैकी एकही माणूस कधी घाटावर आलेला मी पाहिला नाही. एकदा येऊन उभा तर राहू दे. मी त्याला दोन मिनिटांत आकडे सांगतो.”

“तुम्ही बोलाल?”

“बोलीन.”

अर्ज त्यांनीच लिहिला. सरकारी हिंदीतला अर्ज कसा लिहितात, तो कोणत्या टेबलावर द्यायचा, पोच कशी घ्यायची, हे प्राचीला कुठून माहीत असणार? मोहनरावांचं अक्षर सुरेख. घाटाचा पत्ता, पोचायचा रस्ता, गाड्या लावायची जागा, सगळं लिहिलं, आणि शेवटी प्रत्येक अर्जात असते तशी ओळ घातली: ‘कार्यक्रम स्थल की साफ़-सफ़ाई करवाने का कष्ट करें.’ ती ओळ लिहिताना त्यांच्या मनात पायऱ्यांवरचं प्लास्टिक होतं, दुसरं काही नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाहुण्यांचा होकार आला. दुसऱ्याच दिवशी पालिकेची तीन माणसं घाट बघायला आली. टेपनं मापं घेतली, मोबाइलवर फोटो काढले. त्यांतल्या एकानं बस्तीकडे बोट दाखवून मोहनरावांना विचारलं, “और ये?”

“बच्चे यहीं के हैं, भिया,” मोहनराव कौतुकानं म्हणाले. “इन्हीं की किताब है.”

त्या माणसानं मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

आठ दिवसांनी, मंगळवारी सकाळी, मोहनराव दूध आणायला निघाले आणि त्यांना घाटाकडून यंत्राचा आवाज आला. ते पोचले तेव्हा दोन पिवळी यंत्रं काठावर होती आणि घरांची अर्धी ओळ जमीनदोस्त झाली होती. ट्रकवर पलंग, डबे, गॅसची शेगडी, शेळ्या, सगळं एकावर एक चढत होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला चार मजली इमारती बांधल्या होत्या, तिथं खोल्या देणार होते. त्याची नोटीस दोन वर्षांपूर्वीच लागलेली होती. ती नोटीस इतकी जुनी झाली होती की लोकांनी तिच्यावर कॅलेंडर टांगलं होतं. आता सोमवारी संध्याकाळी कुणीतरी येऊन सांगून गेलं, उद्या सकाळी रिकामं करा.

सखुबाई पानांच्या भाऱ्यावर बसली होती. “भाऊ, हे ट्रकात घेत नाही म्हणतात,” ती म्हणाली. “कचरा आहे म्हणतात. तुम्ही सांगा ना त्यांना.”

मोहनराव ट्रकवाल्याकडे गेले. तो ऐकेना. मुकादमाकडे गेले. मुकादम म्हणाला, “चाचा, ऊपर से ऑर्डर है. बड़े साब का प्रोग्राम है यहाँ, घाट खाली चाहिए.”

“कौन सा प्रोग्राम?”

“कोई किताब-विताब का.”

मोहनराव तिथेच पायरीवर बसले. नंतर भारा त्यांनी स्वतः उचलून आपल्या ओट्यावर नेऊन ठेवला. त्या दिवशी त्यांच्याकडून तेवढंच झालं.

दुपारी प्राची आली. ती काठावर उभी राहून रडली, मग डोळे पुसून तिनं फोन लावले. तासाभरानं मोहनरावांच्या घरी येऊन म्हणाली, “काका, पालिकेतले म्हणतात हे दोन वर्षांपासून ठरलेलंच होतं. आपल्या कार्यक्रमाचा काही संबंध नाही.”

“दोन साल नाही पाडलं. आता पाडलं.”

“मला कळतंय.”

“मग कार्यक्रम कॅन्सल करा.”

प्राचीनं फोन पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, “पुस्तकं छापून आली आहेत. कार्यक्रम रद्द केला तर घरं परत उभी राहणार आहेत का? मग मुलांच्या हातात काय राहील? निदान त्यांचं पुस्तक तरी.”

पुढं कित्येक दिवस मोहनराव याचं उत्तर शोधत राहिले. नाही म्हणायला हवं होतं असं त्यांना नंतर वाटायचं, पण का, ते शब्दांत कधी बसलं नाही. रमा म्हणाली, “तुम्ही नका मनाला लावून घेऊ. तुम्ही काय घर पाडायला सांगितलं होतं?”

“साफसफाई करा म्हणून मी लिहिलं ना,” ते म्हणाले. रमा स्वयंपाकघरात निघून गेली.

मग ते पुन्हा तयारीला लागले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. संस्थेनं मुलांना आणायला एक बस ठरवली. मोहनराव दोन बस बदलून त्या इमारतींत गेले आणि जिने चढ-उतार करत एकतीस मुलांची नावं शोधू लागले. एकोणीस सापडली. बाकीच्यांचे आईबाप भाड्यानं दुसरीकडे गेले होते, नाहीतर गावी. रविवारी सकाळी आठला बस येईल, असं त्यांनी एकोणीस दारांवर सांगितलं. त्यांतली अकरा मुलं बसमध्ये चढली. शिवांगी होती.

घाट ओळखू येत नव्हता. बस्तीच्या जागी जमीन सपाट करून गवताच्या गुंडाळ्या उलगडल्या होत्या, त्यांचे जोड अजून दिसत होते. कडेनं कुंड्या होत्या. एक माणूस पाठीवर पंप घेऊन गुलाबाचा वास मारत फिरत होता. सतरंज्या, खुर्च्या, लाडवांची टोपली, सगळं मोहनरावांनी कागदावर लिहून दिलं होतं तिथं तिथं होतं.

मुलं सतरंजीवर बसली. इरावतीनं प्रत्येकाच्या हातात पुस्तक दिलं. शिवांगीनं मधली दोन पानं उघडली, चित्राकडे बघितलं, मग उठून उभी राहिली आणि गवताकडे बघू लागली. पुस्तक आडवं धरून ती थोडी डावीकडे गेली, मग उजवीकडे. मग मोहनरावांपाशी आली.

“बाबा, आपलं घर इथं होतं ना? की तिथं?”

मोहनराव तिच्याबरोबर चालत गेले. बस्तीत एक कडुलिंब होता, त्यावरून कळलं असतं, पण आता तोही नव्हता. पायरीपासून पावलं मोजावी म्हटलं तर पायऱ्यांना नवी फरशी बसवलेली. एकतीस वर्षं ज्या काठावर महिन्यातून दोनदा उभे राहिले, तिथं त्यांना सखुबाईचं दार दाखवता येईना.

“इथंच कुठंतरी,” ते म्हणाले.

शिवांगीनं मान हलवली आणि पुन्हा सतरंजीवर जाऊन बसली. पुस्तक तिनं मिटून मांडीवर ठेवलं. मग उघडलं नाही.

पाहुणे अकराला आले. तोवर वारा फिरला होता, आणि गुलाबाच्या वासाखालून नदीचा वास वर यायला लागला होता. लोकांनी रुमाल काढले. पाहुण्यांनी फीत सोडली, पुस्तक छातीशी धरून फोटो काढून घेतले आणि चार वाक्यं बोलले. घाट किती सुंदर झालाय, मुलांनी असंच वाचत राहावं, माशाचं चित्र आपल्याला फार आवडलं. मोहनराव शर्टाच्या खिशातला कागद हातात घेऊन बसले होते. त्यावर एकतीस वर्षांचे आकडे होते, दोन मिनिटांत बसतील असे निवडलेले. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी घड्याळ बघितलं आणि थेट आभार मानायला सुरुवात केली. पाहुणे एकूण अठरा मिनिटं होते. जाताना प्राचीनं त्यांची मोहनरावांशी ओळख करून दिली.

“काका एकतीस वर्षं या नदीचे नमुने घेत होते, सर.”

“वा, वा,” पाहुणे म्हणाले. “बहुत पुण्य का काम किया आपने.” आणि गाडीत बसले.

मोहनराव बोलू शकले असते. गाडीचं दार लागायला वेळ होता. त्यांना नंतर तो वेळ पुष्कळदा आठवला. तेव्हा ते नुसते हात जोडून उभे राहिले, जसे साहेबांसमोर एकतीस वर्षं राहिले होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, चांगला मोठा. त्यात मुलं नव्हती.

जानेवारीच्या शेवटी ते उरलेल्या मुलांची पुस्तकं आणि सखुबाईचा भारा घेऊन इमारतीत गेले. भारा रिक्षात बसेना, मग टेम्पो केला. सखुबाईची खोली चौथ्या मजल्यावर. पाणी दुसऱ्या मजल्याच्या वर चढत नव्हतं. शिवांगी बादली घेऊन जिना चढत होती. तिची शाळा सुटली होती, कारण जुनी शाळा दीड तासावर आणि नव्या शाळेत जुन्या शाळेचा दाखला मागत होते. आई सकाळी सहाला कामाला निघायची ती अंधार पडल्यावर यायची, मग धाकट्या भावाला सांभाळायला घरात कुणीतरी हवंच.

सखुबाईनं भाऱ्यावरून हात फिरवला. पानं वाळून कडक झाली होती, अशा पानांचा झाडू बांधता येत नाही. ते मोहनरावांना माहीत नव्हतं. तिनं तसं म्हटलं नाही, नुसता भारा कोपऱ्यात उभा केला.

“तुमचा कार्यक्रम झाला का चांगला?” तिनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

“सखुबाई, ती अर्जी मी लिहिली होती,” मोहनराव म्हणाले. “पाहुण्यांना बुलवायची. घाट साफ करून द्या असं मीच लिहिलं होतं त्यात.”

तिनं त्यांच्याकडे बघितलं. तिला ते नीट कळलं की नाही, हे मोहनरावांना कळेना. मग ती म्हणाली, “तुम्हाला लिहिता येतं भाऊ. आम्हाला येत असतं तर आम्हीपण लिहिलं असतं.”

रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना जिना उतरताना वाटत राहिलं. माफ केलं असतं तरी चाललं असतं. तिनं दोन्हीपैकी काहीच केलं नव्हतं.

एप्रिलमध्ये प्राचीच्या नवऱ्याची बदली हैदराबादला झाली. बंगल्याचा वरचा मजला रिकामा करावा लागला. इरावती पुण्याला शिकायला गेली. निघण्याआधी प्राची छत्रीबागेत येऊन गेली, उरलेली तीनशे पुस्तकं मोहनरावांच्या पुढच्या खोलीत ठेवून. “शाळांमधून वाटाल ना, काका?” ती म्हणाली. जाताना वाकून पाया पडली. ती वाईट मुलगी नव्हती. मोहनरावांचा तिच्यावर कधीच राग नव्हता, आणि त्यामुळे राग ठेवायला जागाच उरली नाही.

त्यांनी शाळा पालथ्या घातल्या. एका बाईंनी पन्नास प्रती ठेवून घेतल्या. दुसरीकडे हेडमास्तर म्हणाले, मराठी वाचणारी मुलंच नाहीत आता, हिंदी असती तर घेतली असती. तिसरीकडे शिपायानंच परत पाठवलं. उन्हाळा वाढला तसे मोहनराव बाहेर पडायचे थांबले. घाटावरचं गवत मेमध्ये वाळलं, कुंड्या आधीच गेल्या होत्या. संजीवनं पुन्हा राजेंद्र नगरला चला म्हटलं तेव्हा या वेळी ते नाही म्हणाले नाहीत.

सामान बांधायच्या आधी, जूनमध्ये, ते एकदा शिवांगीकडे गेले. शाळा सुरू होणार होत्या. जुन्या शाळेतून त्यांनी तिचा दाखला काढून आणला होता, त्यासाठी चार खेपा झाल्या होत्या. चौथ्या मजल्यावर दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईनं सांगितलं, आजीला बरं नव्हतं, पाण्याचे हाल, सगळे बुऱ्हाणपूरकडे गावी गेले. पंधरा दिवस झाले.

“गाव कोणतं?”

“ते नाही माहीत.”

“परत येणार म्हणाले का?”

“पलंग तर घेऊन गेले,” बाई म्हणाली.

मोहनरावांनी दाखला दाराच्या फटीतून आत सरकवावा असं मनात आणलं, मग सरकवला नाही. घडी करून खिशात ठेवला आणि चार मजले उतरून बसच्या थांब्यावर आले. परतीची बस पाऊण तासानं होती. थांब्यावर सावली नव्हती. ते उभे राहिले.